रक्तातील खोट

२५ वर्षांपूर्वीची डिसेंबरातील एक सकाळ आजही माझ्या मनाला बोचते. वसतिगृहातील सातवीचा एक विद्यार्थी पहाटेच्या कवायतीला आला नाही. "सर, हाडं ठणकतात," एवढेच तो म्हणाला. मला ती सबब वाटली आणि मी त्याला थंडीत मैदानावर उभे केले. दुपारी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. त्याची आई आली. ती माझ्यावर रागावली नाही. "आमच्या रक्तातच खोट हाय, गुरुजी. मागच्या जल्माचं असन," असे ती खाली मान घालून म्हणाली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही त्या धम्माची शिकवण. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील, विशेषतः नागपूरच्या महार समाजातील, सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथून सुरू होते.

मात्र या नोंदीवरून हा एका जातीचा रोग ठरत नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी आणि आपल्या आदिवासी बांधवांतही तो आढळतो. जेथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता तेथे हे जनुक टिकले. कारण ते आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळालेल्या वाहकाला हिवतापाच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते. पुढे जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहांनी ते त्याच समूहात फिरत राहिले. अशा विवाहांनाच बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म म्हटले होते.

दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित आता मी दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. सिकलसेलच्या मुलांना हिवाळ्यात थंड पाण्याची आंघोळ देत नाही, पाण्याची बाटली सतत जवळ ठेवायला सांगतो. मूल दुखते म्हणाले की आधी विश्वास ठेवतो, मग विचारपूस करतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती: विवाह ठरण्यापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या, आणि अहवाल लाजेपोटी लपवू नका. त्या माउलीला मी तेव्हा काहीच सांगू शकलो नव्हतो. तुम्ही तुमच्या घरी सांगा.