मोळीची वाट

पितळखोऱ्याला जायचे दोन रस्ते. एक सरकारी. कन्नडच्या अंगानं गाडी पठारावर जाते, पायऱ्या उतरल्या की लेणी. दुसरा खालून, चाळीसगावकडच्या पाटणादेवीहून, गौताळ्याच्या जंगलातून चढणारा. त्याला पाटी नाही. कुठं दगडावर दगड, कुठं कुऱ्हाडीनं सोललेली साल, कुठं फांदीला चिंधी. चितेगावच्या गिरणीतली रात्रपाळी संपवून आम्ही तिघं निघालो ते या दुसऱ्या रस्त्यासाठी.

एसटी दौलताबादवरून गेली. तो किल्ला दिसला की मला 1934 साल आठवतं. बाबासाहेब कार्यकर्त्यांसोबत तिथं आले, धुळीनं भरलेली तोंडं हौदाच्या पाण्यानं धुतली, तर हौद बाटला म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण कुठं पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला. डोंगर चढणं ही आपल्यासाठी नुसती हौस कधीच नव्हती.

पाटणादेवीच्या पुढं ओढा ओलांडला की वाट दिसते आणि हरवते. साग, सालई, पळस. डोक्याइतकं गवत. दोनदा फिरून त्याच दगडापाशी आलो. मग भिल्ल वस्तीतली एक मावशी भेटली, कमरेला कोयता.

"कुठले रं पोरांनो?"

"चितेगावचे. गिरणीत आहोत."

"मंग हितं काय हरवलं तुमचं?"

हसली. पुढं झाली. पायात चप्पल नाही, चाल आमच्यापेक्षा दुप्पट. मी विचारलं, ही वाट पाडली कोणी? ती म्हणाली, "पाडायची काय त्यात? रोज मोळी घेऊन गेलं की पडती. चार पावसाळे कोनी नाय गेलं, की रान गिळतं."

मी गप झालो. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधायला लावत, उमटलेलं पाऊल मागच्या मागं पुसलं जावं म्हणून. बाबासाहेबांनी 1936 साली, लाहोरला होऊच न दिलेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. ज्यांचं पाऊल मातीवर राहू द्यायचं नाही असा कायदा होता, त्यांची पोरं आज मोळीवालीच्या पावलांवर पाऊल टाकत चढत होती. माथ्यावर वारा लागला तेव्हा मावशी सालईखाली टेकली. कॅनमधलं पाणी आधी आम्हाला दिलं. जात विचारली नाही.

माथ्यावरून लेण्यांत उतरलो. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचं काम. चैत्याच्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याचं, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याचं नाव. विहारात राजवैद्य मगिलाचं, त्याच्या लेकरांचं. पैठण म्हणजे आमच्याच रोडचं टोक! पण पैसा ज्याचा, नाव त्याचं, हे तेव्हाही होतं. अपवाद एक. इथं खोदकामात एक ठेंगणा, हसरा यक्ष सापडला. त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास सोनारानं केला. यक्ष संग्रहालयात गेला, पण कारागिरानं स्वतःचं नाव लिहिलं ही गोष्ट मला मितदेवाच्या दानापेक्षा मोठी वाटते. आम्ही रात्रभर तुटलेला धागा सांधतो, कोनावर छापलेलं नाव गिरणीचं.

आपल्या सभांतून ऐकतो, ही लेणी आपल्याच पूर्वजांनी खोदली. मी असं म्हणणार नाही. खोदणाऱ्यांची जात कुठं लिहिलेली नाही, आणि पुराव्यावाचून बोलायची सवय आपण विरोधकांना राहू द्यावी. भिंतीवर छिन्नीचे घाव आहेत. एका मजुराला दुसऱ्या मजुराचा हात ओळखायला तेवढे पुरतात.

आमच्यातल्या एकाच्या खिशात निळा खडू होता. भिंतीवर 'जय भीम' लिहायचं म्हणाला. मी हात धरला. तिथं आधीच बदाम आणि बाण काढून ठेवणारे कमी नाहीत. तो भडकला. "सगळ्यांची नावं चालतात, आपलंच का नको?" मी म्हटलं, "बापानं दिलेलं घर आपणच खरडायचं का?" उतरताना अर्धी वाट आम्ही भांडत होतो, तिसरा मधे पडत होता. जिथं आम्ही दोनदा चुकलो होतो त्या दगडापाशी तो थांबला. खडू काढून त्यानं दगडावर माथ्याकडं तोंड केलेला एक बाण ओढला.

"पहिल्या पावसात जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. पुन्हा येऊ."