गृहीत धरलेला शेतकरी

संख्यावाढीचे गणित, मग ते पेशींचे असो वा अळ्यांचे, गृहीतकांवर उभे असते. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. पण हिंगणघाटच्या कापूसबाजाराने हे मला शिकवले. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली ती कडेने बिगर-बीटी ओळी लावण्याच्या अटीवर. त्या ओळींवरच्या पतंगांचे बीटीवर तगलेल्या विरळ पतंगांशी मिलन होईल, संतती बीटीला बळी पडेल आणि प्रतिकारशक्ती सावकाश पसरेल, असा हिशेब होता. त्यात प्रतिकाराचा गुण अप्रभावी धरला होता आणि शेतकरी आज्ञाधारक. बहुतेकांनी त्या ओळी लावल्याच नाहीत. कोरडवाहू शेतीत अळीसाठी रान सोडणे परवडत नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. कथेतला शेतकरीही आपण पुष्कळदा असाच, न विचारता, गृहीत धरतो. कथा फसली तर वाचक पान उलटतो. इथे हंगाम गेला.