लॅटिन आणि रातपाळी

दोस्तांनो, मी लॅटिन शिकतोय. हसा. सूतगिरणीतले जोडीदारपण हसले. परीक्षा नाही, पगारवाढ नाही, निव्वळ मजा. कायद्याच्या पुस्तकात शब्द दिसला की चिठ्ठीवर उतरवायचा, आणि रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर तोही फोडायचा.

बोनाफाईड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेतनं आणलेला दाखला. अर्थ काय? 'सच्च्या दिलानं.' अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे 'त्यानं शपथ घेतली'. अलिबी म्हणजे नुसतं 'दुसरीकडे'. इतकंच! असल्या एवढ्याशा शब्दांनी आपली माणसं कोर्टाच्या पायरीवर गारठायची. संस्कृत आपल्या कानावर पडू नये म्हणून पहारे बसवले होते. लॅटिनवर इथं पहारेकरीच नाही. घुसलो.

घटनेच्या कलम 32 मध्ये पाच रिट आहेत, त्यातल्या चारांची नावं सरळ लॅटिन. हे कलम घटनेचा आत्मा आहे, असं बाबासाहेब 9 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत बोलले. मॅन्डमस : 'आम्ही हुकूम देतो.' सर्शिओरारी म्हणताना जीभ बॉबिनसारखी फिरते. काम मात्र खालच्याचा चुकीचा निकाल वर मागवून रद्द करायचं. को वॉरंटो : 'कुठल्या अधिकारानं?' रिंग फ्रेमवरचा एक जोडीदार हे मुकादमालाच विचारतो. म्हटलं, गड्या, हे सार्वजनिक पदाला लागू, मुकादमाला नाही. तो म्हणतो, नसू दे, तोंडात छान बसतंय.

हेबियस कॉर्पसपाशी हसू थांबलं. 'देह हजर कर.' ज्या देहाच्या सावलीचाही विटाळ मानला, तो देह समोर आणा, असं कोर्ट पोलिसाला फर्मावू शकतं. आणि आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 ला, सुप्रीम कोर्टानं हेच दार बंद केलं. पाचातले चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं, एकटे एच. आर. खन्ना विरोधात. तो निकाल रद्द व्हायला 2017 साल उजाडलं.

तेव्हा शब्द आपोआप कुणाला सोडवत नाही. त्याला धरून माणूस उभा राहावा लागतो.

आता 'प्रायमा फेसी' घ्या. 'पहिल्या नजरेला.' अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात आरोपीला अटकपूर्व जामीन नाही. पण गुन्हा प्रायमा फेसी दिसतच नसेल तर ती बंदी लागू नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये म्हटलं. म्हणजे सगळा खेळ फिर्यादीच्या कागदावर. जागा, वेळ, कोण हजर होतं, कुठली शिवी दिली, सगळं त्यात पाहिजे. वस्तीत कुणी फिर्याद द्यायला निघालं तर हा शब्द त्याला आधी सांगा. मराठीत सांगा.