कुकरची शिट्टी आणि नवे खाँसाहेब

मुलांनो, जूनमध्ये तुमच्या वर्गावर नव्या बाई किंवा नवे सर आले, की पहिल्या आठवड्यात तुम्ही काय म्हणता ते मला पाठ आहे. “आधीच्या बाई असं नाही करायच्या!” म्हणता की नाही? खरं सांगा हं. मीही लहानपणी म्हणायचे. आणि तुमचे आई-बाबाही म्हणतात. फक्त ते शाळेबद्दल म्हणत नाहीत, क्रिकेटबद्दल म्हणतात, गाण्याबद्दल म्हणतात. आमच्या घरी ते नाटकाबद्दल म्हटलं जायचं, आणि तेही एकाच नाटकाबद्दल. त्याचं नाव ‘कट्यार काळजात घुसली’.

तुमच्यापैकी पुष्कळांनी २०१५ सालचा सिनेमा पाहिला असेल. पण मूळचं ते नाटक, बरं का! पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं आणि त्यांनीच बसवलेलं. हे नागपूरचे. नाट्यसृष्टीत सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत, म्हणून मला ते उगीचच जवळचे वाटतात. संगीत होतं जितेंद्र अभिषेकींचं, आणि १९६७ च्या डिसेंबरमध्ये प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ते रंगमंचावर आणलं. संगीत नाटक म्हणजे नटानं प्रेक्षकांसमोर उभं राहून स्वतः गायचं. मागून दुसऱ्या कुणाचा आवाज नाही, चुकलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही. गळा बसला असेल तर तो हजारभर माणसांदेखत बसलेला असतो!

गोष्ट थोडक्यात सांगते. एका संस्थानात राजगायक असतो. त्याला हवेली मिळते आणि मानाची एक कट्यार मिळते. त्या कट्यारीनं एक खून केला तर तो माफ! पंडितजी राजगायक आहेत आणि खाँसाहेब स्पर्धेत त्यांच्याकडून वर्षानुवर्षं हरत आलेले आहेत. मग एका वर्षी खाँसाहेब जिंकतात आणि पंडितजी कुठेतरी निघून जातात. पंडितजींकडे शिकायची आस धरून आलेला सदाशिव आता शिकणार कुणाकडे? खाँसाहेबांकडे. पण खाँसाहेब आपल्या घराण्याची गायकी त्याला द्यायला तयार नसतात. मग तो चोरून ऐकून शिकायला लागतो. पुढचं सांगत नाही. शेवट फोडला तर तुम्हीही रागवाल आणि आमचे बाबाही.

बाबांनी हे नाटक कॉलेजात असताना पुण्यात पाहिलं होतं, सत्तरच्या दशकात, सगळ्यात मागच्या रांगेत बसून. खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. हे वसंतराव म्हणजे मोठे गवई, पण बरीच वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती. बाबा स्वतः कारकून. त्यामुळे दिवसभर बेरजा करणारा माणूस एवढा मोठा गाऊ शकतो, याचा त्यांना फार अभिमान! जणू काही वसंतराव त्यांच्याच टेबलाशेजारी बसत होते.

आमच्याकडे त्या गाण्यांची एक कॅसेट होती. कॅसेट कशी असते हे तुमच्यातल्या काहींना आईला विचारावं लागेल. तिची फीत अडकली, की आम्ही पेन्सिल घालून ती गुंडाळायचो. ही कॅसेट काही विकतची नव्हती. कुणीतरी रेडिओवरून उतरवून घेतली होती, तीही साध्या टेपरेकॉर्डरनं. त्यामुळे काय झालं होतं, की खाँसाहेबांची एक लांबलचक तान संपते न संपते तोच उतरवून घेणाऱ्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी वाजायची. मी जन्मापासून ती तान शिट्टीसकट ऐकत आले. ती शिट्टी गाण्यातलीच, असंच मला कितीतरी वर्षे वाटत होतं. हसू नका!

वसंतराव १९८३ साली गेले. त्यांच्यानंतरही काही गायकांनी खाँसाहेब उभे केले, पण आमच्या बाबांनी त्यातलं काही पाहिलं नाही. “खाँसाहेब म्हणजे वसंतराव. संपला विषय.” आणि मग २०१० साली हे नाटक नव्यानं उभं राहिलं. सुबोध भावे यांनी बसवलं होतं. सदाशिवाच्या कामाला महेश काळे आणि खाँसाहेब कोण? राहुल देशपांडे. वसंतरावांचे नातू! आजोबा गेले तेव्हा हे जेमतेम पावणेचार वर्षांचे.

झालं. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी कचेरी भरायला लागली. बाबा एका बाजूला, बाबांचे जुने दोस्त पोस्टमास्तरकाका दुसऱ्या बाजूला.

“अरे, नातू आहे तो त्यांचा,” काका म्हणायचे.

“नातू असेल. वारशात घर मिळतं, शेत मिळतं. गळा मिळतो का?”

“ऐकल्याशिवाय कसं सांगतोस तू?”

“सांगायचं काय त्यात? मी वसंतरावांना ऐकलंय.”

“मीही ऐकलंय की! तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होतो मी. तिकिटाचे पैसेसुद्धा मीच दिले होते आणि ते अजून यायचेत.”

मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. पाठ टाचणाची वही मांडीवर घेऊन हे ऐकायचे. सदाशिवाबद्दल मात्र दोघांचं पटायचं. महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. ज्यांनी चाली बांधल्या त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा नाटकात शिष्याचं काम करतोय, हे बाबांनाही मान्य होतं. पण त्यावरही “प्रसाद सावकार ते प्रसाद सावकार” एवढं पुटपुटल्याशिवाय राहवायचं नाही. पहिला सदाशिव त्यांचा होता ना! आणि जरीना म्हटलं की फैय्याज, पंडितजी म्हटलं की भार्गवराम आचरेकर. सगळी यादी बाबांच्या तोंडावर.

शेवटी काकांनी तीन तिकिटं आणूनच ठेवली. रविवारी दुपारचा प्रयोग, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर. वाईहून सकाळची एसटी पकडून आम्ही गेलो. बाबा वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. परीक्षकाला पेपर तपासायला बसवावं तसे ते खुर्चीत बसले.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला. आणि आता मी तुम्हाला एक गंमत सांगते, जी मी पुष्कळ वर्षे कुणाला सांगितली नव्हती. बाबांपेक्षा जास्त नाराज मी झाले! मी, जिनं वसंतरावांना एकदाही पाहिलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात कॅसेट चालू होती. इथे श्वास घ्यायला हवा होता, इथे आवाज खाली यायला हवा होता, इथे थांबायला हवं होतं. समोरचा गायक दुसरीकडेच थांबायचा. मी शेजारी बघून नाक मुरडत होते. मग ती तान आली. लखलखीत आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं? तर शिट्टी वाजली नाही!

मी अंधारात एकटीच ओशाळले. इतका वेळ मी वसंतरावांच्या नावानं नाक मुरडत होते, आणि मला हवी होती ती कुणा अनोळखी माणसाच्या घरातल्या भाताची शिट्टी.

मध्यंतरात वड्याची बशी घेऊन आम्ही बाहेर उभे राहिलो. सगळीकडे तेच बोलणं. एक आजोबा सांगत होते, दाणेदारपणा तसाच आहे. दुसरे म्हणत होते, आहे, पण तो खाँसाहेबांचा राग नाही. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, “आजोबा, आम्ही त्यांना पाहिलंच नाही ना, मग आम्ही काय घरी बसायचं का?” ते आजोबा एकदम गप्प झाले आणि त्यांनी आपल्या बशीतला उरलेला वडा तिला देऊ केला. तिनं घेतलाही!

काकांना जोर चढला. त्या रंगमंदिरात बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली; एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. पूर्वी स्त्रियांची कामं पुरुष करत, हे तुम्हाला ठाऊक असेल. “ती चित्रं पाहिलीस का पोरी?” काका मला म्हणाले, पण ऐकवत होते बाबांना. “किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर म्हणजे लोकांचा जीव. ते १९०१ साली गेले. पुढे १९०५ मध्ये हा सतरा वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला म्हणून उभा राहिला. तेव्हा भाऊरावांना ऐकलेली माणसं थिएटरात नसतील का? असणारच. आणि ती काय म्हणाली असतील, ते तुझ्या बापाला विचार.”

“आणि माझे वडील,” काका थांबायलाच तयार नव्हते, “आम्ही कट्यार पाहून घरी गेलो तर म्हणाले, ‘हे कसलं संगीत नाटक? आमच्या सौभद्रात शंभरावर पदं होती!’ म्हणजे आम्ही ज्यावरून भांडतोय ते मुळात त्यांना चालतच नव्हतं.”

बाबा म्हणाले, “वडा गार होतोय.”

दुसऱ्या अर्ध्या भागात मी नाटक कमी आणि बाबांना जास्त पाहिलं. सुरुवातीला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरून होती. तो ताल समोरचा नव्हता, आठवणीतला होता. मला कळत होतं, कारण माझ्याही डोक्यात तोच होता. मग कधीतरी बोटं थांबली. सदाशिव पकडला जातो तिथे तर बाबा खुर्चीत पुढे सरकले. पस्तीस वर्षे ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. तरी पुढे सरकले.

परतीच्या एसटीत खंबाटकी घाट लागेपर्यंत शांतता. मग काकांनीच विचारलं, “काय रे?”

“वसंतराव नाहीत ते,” बाबा म्हणाले.

“बरं.”

“मध्ये मध्ये विसरायला झालं, ते सोड. पण वसंतराव नाहीत.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “साताऱ्याला लागलं तर सांग. जरा पुढची तिकिटं काढ.”

काकांनी मागचे पैसे मागितले नाहीत.

तीनेक वर्षांनी मला नोकरी लागली. एका लहान गावातली शाळा, तिसरीचा वर्ग. आधीचे गुरुजी तिथे खूप वर्षे होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी पाढ्यांना स्वतःची एक चाल लावलेली. मुलं म्हणाली, “बाई, गुरुजींच्या चालीत म्हणा.” मी म्हटलं, ठीक आहे. घरी दोन दिवस घोकली ती चाल. तिसऱ्या दिवशी वर्गात म्हटली, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजींसारखं नाही येत तुम्हाला.” सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तुम्हाला वाटतं, शिक्षकांना काही लागत नाही. लागतं हो! त्या रात्री मी नीट जेवले नाही.

मग काय केलं? फार मोठं काही नाही. ती चाल सोडली. मला गाता येत नाही, पण टाळ्यांचा ठेका येतो. मी सातचा पाढा टाळ्यांवर घेतला. दिवाळीपर्यंत मुलं “असं नाही, तसं” म्हणतच होती. नंतर कधी थांबली, मला कळलंही नाही.

एकदा पाचवीच्या मुलांना मी मोबाइलवर जुन्या नाटकातलं वसंतरावांचं गाणं ऐकवलं. तर एक मुलगा म्हणाला, “बाई, हे खरे खाँसाहेब नाहीत. खरे खाँसाहेब सचिन पिळगावकर.” सिनेमात ते काम त्यांनी केलं आणि गाणी राहुल देशपांडे गायले, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला काही पटलं नव्हतं. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. अजून कुणी भेटलं की ते सांगतात.

या वर्षी माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला, “ताई, वर्गाच्या सवयी सांगा ना जरा.” कुणाला चष्मा लागतो, कोण डबा आणत नाही, कुणाचं अक्षर सुटं करून घ्यायला हवं, सगळं सांगितलं. टाळ्यांचा ठेकाही सांगणार होते. जिभेवर आलं होतं. नाही सांगितलं. का, ते मला स्वतःलाच धड माहीत नाही. त्यांना मोकळं ठेवायचं होतं म्हणून, असं म्हटलं तर छान दिसेल. पण टाळ्या माझ्याच राहाव्यात, असंही थोडं होतं. तुमच्याशी कशाला खोटं बोलू?

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्या वर्गातल्या एका मुलीनं आईच्या फोनवरून मला फोन केला.

“बाई, नव्या बाई टाळ्या नाही वाजवत.”

“मग पाढे कसे घेता?”

“जिन्याच्या पायऱ्यांवर. एका पायरीला एक आकडा. सात सत्ते एकोणपन्नासला मी वरून सातव्या पायरीवर असते.”

“बरं आहे की.”

“तुमच्यासारखं नाही,” ती म्हणाली. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “पण मला आता आठचा पण येतो.” आणि तिनं तो तिथल्या तिथे म्हणून दाखवला. फोनमधून तिच्या चपलांचा आवाज येत होता, एकेका पायरीवर.