सगळ्यात उदास गाव कोणतं?

परवा मित्रांत वाद रंगला. फिरायला जाऊन सगळ्यात उदास वाटतं ते गाव कोणतं? बहुमत धनुष्कोडीला. १९६४ च्या वादळात गाव गेलं, चर्चच्या पडक्या भिंती तेवढ्या उरल्या. मला नाही पटलं. तिथे समुद्र आहे, वारा आहे, शंख-शिंपले विकणारे आहेत. गाव पूर्ण मेलं की ते प्रेक्षणीय स्थळ होतं!

माझं मत कोलार गोल्ड फील्ड्सला. १९०२ साली शिवनसमुद्रची वीज इथे आली, बंगलोरला ती १९०५ मध्ये मिळाली. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. खाणीतल्या मातीच्या राखाडी टेकड्या आहेत, पण उदास त्या नाही करत. उदास करते मारिकुप्पमहून सुटणारी पहाटेची गाडी. कामाची माणसं तिच्यात बसून बंगलोरला येतात आणि रात्री फक्त झोपायला परत जातात.

आमच्या ऑफिसचा एक सिक्युरिटीवाला त्यातलाच. बंगलोरलाच का राहत नाही, विचारलं तर म्हणाला, "सर, घर तिकडे आहे ना."

आपण उदास म्हणतो, कारण आपल्याला संध्याकाळी निघायचं असतं. असो.