गुरुवारी ऐकू येतं

हौशी रेडिओवाला घर बघायला जातो तेव्हा पाण्याच्या आधी गच्चीचा हक्क विचारतो. चाकणजवळच्या कुरुळीतल्या या रो-हाउसला गच्ची होती, मागे नकाशात ‘बाग’ म्हणून दाखवलेली पट्टी होती, आणि बिल्डरने “अँटेना म्हणजे डिशच ना?” एवढंच विचारून मान डोलावली होती. पट्टी लांबीला जेमतेम नऊ मीटर. त्यात कढीपत्ता, शेवगा, तुळशीवृंदावन आणि आईच्या वाळवणाची खाट. मला मात्र तिथून ७ मेगाहर्ट्‌झची अर्ध्या तरंगलांबीची तार सोडायची होती. हिशोब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा, उत्तर मीटरमध्ये. वीस मीटर!

एवढी लांब तार एकाच बँडसाठी लावणं परवडत नाही. पण आमच्या बँडांचं एक बरं आहे. ७, १४, २१, २८ हे एकमेकांच्या पटीत बसतात. ७ वर जी तार अर्धी लहर, तीच १४ वर पूर्ण लहर, २१ वर दीड आणि २८ वर दोन. या चारही ठिकाणी तारेच्या टोकाला विरोध प्रचंड असतो, अडीच हजार ओहमच्या आसपास, आणि रेडिओची केबल असते ५० ओहमची. मधे बसतो ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर: फेराइटच्या कड्यावर एका बाजूला दोन वेढे, दुसऱ्या बाजूला चौदा. सात पट वेढे, सातचा वर्ग एकोणपन्नास. प्राथमिक वेढ्यांना समांतर १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की वरचे बँडही ताळ्यावर येतात. मधोमध केबल लोंबणारा डायपोल मी आधीच बाद केला होता. ती केबल पेलणार कोण? शेवगा? शेवग्याच्या फांदीवर भरवसा ठेवायचा नाही, हे खेड तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही.

तार दीड चौरस मिलिमीटरची, घरातल्या वायरिंगचीच. कपॅसिटर, कनेक्टर आणि प्लास्टिकचा डबा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. इन्सुलेटरसाठी चाकणच्या एका लेथवाल्याने नायलॉनच्या रॉडचे उरलेले तुकडे भोकं पाडून दिले आणि पैशांऐवजी “हे नेमकं कशासाठी?” याचं उत्तर मागितलं. या औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा हा खरा फायदा. कुठलाही तुकडा कुणीतरी ‘टर्न’ करून देतं.

ट्रान्सफॉर्मरचा डबा बागेच्या कोपऱ्यात, भिंतीवर, हात पोहोचणार नाही अशा उंचीला. तिथून तार तिरकी चढते ती गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडला बांधलेल्या जीआय पाइपच्या शेंड्यापर्यंत, मग घरावरून पुढे गेटाजवळच्या खांबाकडे उतरते आणि शेवटचे अडीचेक मीटर सरळ खाली लोंबते. दिसायला वेडीवाकडी. पण अर्ध्या लहरीच्या तारेत करंट सर्वांत जास्त असतो मध्यावर, आणि मुख्य काम तोच करतो. मध्य टाकीवर, सर्वांत उंच राहिला की टोकं वाकवल्याचं ७ वर फारसं बिघडत नाही. २८ वर या वळणांमुळे कुठल्या दिशेला किती जाईल ते सांगता येत नाही. जाईल तिकडे जाईल. पीव्हीसीच्या आवरणामुळे तार विजेला आहे त्यापेक्षा लांब ‘वाटते’, म्हणून टोक कापण्याऐवजी मागे दुमडून, नॅनोव्हीएनए या मोजमापाच्या यंत्रावर बघत बघत ती ७.१ वर आणली.

“भाऊ, टॉवर लावताय का?” शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून विचारलं.

“नाही हो काकू, तार आहे नुसती.”

“तारेला कोण एवढा पाइप लावतं? रेडिएशन असेल तर आधी सांगा, नातू खेळतो इथं.”

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. माझं लायसन्स व्हीयू३ वालं, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं. मर्यादा ५० वॉट, तेही बोलेन तेवढाच वेळ. मात्र त्या ५० वॉटवरही तारेच्या टोकाला साडेतीनशे व्होल्टच्या घरात दाब येतो, त्यामुळे लोंबणारं टोक नातवाच्या काय, माझ्याही हाताला लागणार नाही असं ठेवलं आहे. काकूंनी टोक नीट न्याहाळलं आणि त्यावर कपडे वाळत घालता येणार नाहीत याची हळहळ व्यक्त केली.

जागेचा प्रश्न असा सुटला. कुरुळीत खरा प्रश्न आवाजाचा आहे. एका अंगाला भोसरी, दुसऱ्या अंगाला चाकण. मोटरींचे ड्राइव्ह, वेल्डिंग, इन्व्हर्टर, चार्जर, सगळे मिळून ७ मेगाहर्ट्‌झवर जी घरघर सोडतात तिच्यात लांबचा माणूस ऐकणं म्हणजे पिठाच्या गिरणीत उभं राहून फोनवर बोलणं. कुरुळीवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली त्यात तिथल्या रेडिओ-शांततेचा वाटा होता, आणि त्या शांततेपायी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा अडला. माझ्यासाठी कोण रेल्वे वळवणार?

म्हणून आधी घर धुंडाळलं. मेन स्विच बंद, रेडिओ बॅटरीवर, मग एकेक एमसीबी चालू करत रेडिओवरच्या सिग्नल-मीटरच्या सुईकडे बघायचं. सर्वांत मोठा गुन्हेगार निघाला देवघरात. एलईडीची माळ! आईने ती काढू दिली, पण “तुझ्या रेडिओपायी देव अंधारात” हे वाक्य आठवडाभर घरात फिरत होतं. त्यानंतर केबलचेच दहा-बारा वेढे दुसऱ्या फेराइट कड्यावर घेतले. टोकाकडून जोडलेल्या तारेत केबलचं बाहेरचं आवरणही गुपचूप अँटेना होतं आणि घरातली घाण उचलून आणतं; हा चोक त्याला आवर घालतो.

बाहेरची घरघर उरलीच. ती कमी होते गुरुवारी, कारण या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारची नसून गुरुवारची. मोठ्या कंपन्यांच्या पाळ्या चालू राहतात, पण छोटी वर्कशॉप, फॅब्रिकेशनच्या शेड बंद. एरवी एस-८ वर ठाण मांडून बसलेली सुई एस-५ वर उतरते. एक पायरी म्हणजे ६ डेसिबल, चौपट. तीन पायऱ्या म्हणजे चौसष्ट पट. गुरुवारी ५० वॉटवर बोलणारा जितका स्पष्ट ऐकू येतो, तितका बुधवारी ऐकू यायला त्याला ३,२०० वॉट लागतील. वरच्या ग्रेडच्या लायसन्सलाही मर्यादा आहे ४०० वॉटची. तार कितीही नीट ताणा, गुरुवारची भरपाई तिला करता येत नाही. कधी महावितरणची लाइट गेली तर त्याहून उत्तम. घरचे मेणबत्ती शोधतात, मी बॅटरी.

अशाच एका गुरुवारी सकाळी ७.०८५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास थांबलो होतो, मुद्दाम. १९४२ मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांचं भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत होतं, आणि ३०० ला ४२.३४ ने भागलं की हाच आकडा येतो. त्यांच्या ट्रान्समीटरच्या कामात नरिमन प्रिंटर हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवालाच, होता. महायुद्धामुळे हौशींची लायसन्सं रद्द झालेली असतानाचा हा काळ. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ते केंद्र नोव्हेंबरात छाप्यात बंद झालं. आज त्या फ्रिक्वेन्सीवर अँटेनाचा एसडब्ल्यूआर, पाऊस आणि गुडघेदुखी यांवर गप्पा चालतात. माझी तार ७ वर बुटकीच, तरंगलांबीच्या पाव हिश्श्याहूनही खाली; त्यामुळे लहर बरीचशी वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परतून दोन-चारशे किलोमीटरच्या टापूत पडते. कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर दिवसाउजेडी मिळतात ते या बुटकेपणामुळे.

सोलापूरच्या एका ओएमने (‘ओल्ड मॅन’, हॅम एकमेकांना असंच म्हणतात) विचारलं, “अँटेना काय घेतलीय?”

सांगितलं.

“आणि बुधवारी हाक मारली तर येत नाही तुम्ही?”

“तुम्ही मला ऐकता, मी तुम्हाला ऐकत नाही.”

“मग गुरुवारी भेटू, सेव्हन्टी-थ्री,” म्हणत त्यांनी हौशींच्या रिवाजाने निरोप घेतला, आणि आता नेहमीच्या मंडळींत तेच ठरून गेलं आहे.

पुढचं काम ८० मीटरचा बँड. त्यासाठी तार दुप्पट करावी लागत नाही. टोकाला ११० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि पुढे जेमतेम दोन मीटर तार पुरते. ते दोन मीटर काकूंच्या हद्दीत जातात. बोलणी चालू आहेत. शेवग्याच्या अर्ध्या शेंगांवर त्यांची तयारी आहे. आई पाव देते म्हणतेय.