भिंतीवरचा दर्या

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर समुद्र होता. आडव्या सहा आणि उभ्या तीन अशा अठरा टाईल्सचा, चार फूट बाय तीन फूट. मावळतीला आलेला सूर्य, नारिंगी आभाळ, डाव्या हाताला वाकलेले दोन माड, ओली वाळू आणि पाण्यात एक नाव. असे समुद्र कोल्हापुरात पुष्कळ आहेत. सलूनमध्ये, खानावळीच्या हात धुण्याच्या जागी, दवाखान्याच्या जिन्यात, बंगल्यांच्या न्हाणीघरात. खरा समुद्र मात्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. पंचगंगेच्या काठच्या आमच्या गल्लीत तो अठरा टाईल्सनी आला, त्याला कारण अम्मा.

अम्मा दाभोळची. वाशिष्ठीची खाडी जिथं समुद्राला मिळते तिथलं ते जुनं बंदर. लग्न होऊन ती घाट चढून वर आली आणि मग माहेरी जाणं दोन-तीन वर्षांतून एकदा. कोल्हापुरातलं सगळं तिनं आपलं केलं. तांबडा-पांढरा रस्सा आमच्या गल्लीत तिच्यासारखा कुणाला जमत नसे. पण संध्याकाळी ती जरा गप्प व्हायची. रंकाळ्यावर फिरायला नेलं तर म्हणायची, "पाणी चांगलंय, पण पलीकडचा काठ दिसतोय ना!"

१९९८ साली अब्बा निवृत्त झाले. फंडाचे पैसे हाती आले. सोप्याच्या मातीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरायची, म्हणून तिला टाईल्स लावायचं ठरलं. अब्बांच्या मनात काबा आणि मदिना होते. अशा टाईल्स मिळतात, आपल्यातल्या बहुतेक घरांत असतात. अम्मा म्हणाली, "ते दारावर लावा, येणाराजाणारा बघेल. ही भिंत माझी." आणि दुकानात जाऊन तिनं स्वतः चित्र निवडलं.

माल गुजरातेतल्या मोरबीकडचा होता. दुकानदारानं तो कसा करतात ते आम्हाला सांगितलं. चित्र आधी खास कागदावर छापतात, तो छाप झिलई दिलेल्या टाईलवर उतरवतात आणि टाईल पुन्हा भट्टीत घालतात. आठशे अंशांच्या आसपासच्या आचेत कागदाबरोबरचं सगळं जळून जातं आणि रंग तेवढा काचेत मुरतो. निळा रंग कोबाल्टचा. तो आग सोसतो. तांबडा आणि नारिंगी मात्र भट्टीत सांभाळणं अवघड. म्हणजे मावळतीचं आभाळ हेच त्या धंद्यातलं कठीण काम. आता छपाईचं यंत्र टाईलवर थेट रंग फवारतं आणि हवा तो फोटो छापून मिळतो. तेव्हा दहा-बारा चित्रांतून एक निवडायचं असे.

खोकी घरी आली. प्रत्येक टाईलच्या पाठीवर नंबर होता. फरशी बसवणाऱ्या चाचांनी त्या सतरंजीवर क्रमानं मांडल्या, तेव्हा दुकानातल्या लहानशा नमुन्यात न दिसलेली गोष्ट दिसली. दहा नंबरच्या टाईलवर, नावेच्या अर्ध्या भागात, वल्हं धरलेला नावाडी बसला होता. बोटाएवढाच. त्याला नाकडोळे होते असंही नाही. पण भिंत पश्चिमेची, म्हणजे किब्ल्याची. जमातीला जाणं झालं नाही की अब्बा तिच्यासमोरच मुसल्ला अंथरीत. ते म्हणाले, "ये नमाजके सामने नक्को."

विषय पेशइमामांपर्यंत गेला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्याकडं आला होता. त्याला त्यांनी सांगितलं, काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात जीव नाही ते काढ. तेव्हा समुद्र चालेल, माड चालतील, नावही चालेल. नावाडी तेवढा नको. चाचांनी दहा नंबरच्या जागी कोरी निळी टाईल बसवली आणि पांढऱ्या सिमेंटनं सांधे भरून टाकले. चित्रात अर्धी नाव उरली आणि तिच्यापुढं निळा चौकोन. अम्मा लांबून बघत होती. म्हणाली, "यो दर्या वाजत नाय. पण असू दे."

उरलेली दहा नंबरची टाईल तिनं उचलली आणि स्वैपाकघरात नेली. त्या दिवसापासून चुलीवरून उतरवलेलं भाताचं पातेलं त्या टाईलवर. अब्बांनी विचारलं तेव्हा तिनं उत्तर तयारच ठेवलं होतं. हजरत आयेशांनी (र.) दारावर चित्रांचा पडदा लावला होता. प्रेषितांना (स.) तो आवडला नाही. तेव्हा त्यांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या आणि त्या उशा घरात वापरल्या गेल्या. "मान देऊन वर लावलं तर वाईट," अम्मा म्हणाली, "मी तर ह्याच्या डोक्यावर भात ठेवते." अब्बा हसले. विषय तिथंच मिटला.

आमच्या घरात अम्मा शाफई आणि अब्बा हनफी. कोकणातले बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. लग्नानं दोन्ही एका छताखाली आले. सावली वस्तूएवढी लांब झाली की अम्माची असर सुरू व्हायची, ती दुप्पट झाली की अब्बांची. एकाच घरात असरच्या दोन वेळा. मगरिबला मात्र दोघं बरोबर. भिंतीवरचा सूर्य या दोन्हींच्या मध्ये अडकलेला. पाण्याला टेकलाय, पण बुडालेला नाही. ही वेळ नमाजेची नव्हे. त्या दिवसाची असर राहिली असेल तर तेवढी उरकून घ्यायची. अब्बा म्हणायचे, "आपल्या भिंतीवर कायम मकरूह वक्त." रमजानमध्ये आम्ही पोरं इफ्तारच्या आधी त्या सूर्याकडं बघत बसायचो आणि अम्मा म्हणायची, "ह्याच्यावर रोजा सोडायचा म्हटलं तर ईद यायची नाही."

पुढं आम्ही शिकलो, आणि आम्हाला त्या भिंतीची लाज वाटू लागली. कॉलेजातला एक मित्र घरी आला, त्यानं चित्राकडं बघितलं आणि म्हणाला, "मी केस कापायला जातो तिथं पण हेच आहे." आम्ही हसलो. त्याच्यापेक्षा जास्त हसलो. याच सुमारास आम्ही टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं बघितली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांनी आश्रय दिलेला, १९३१ साली वारलेला हा आपल्या कोल्हापूरचा, आपल्यातला चित्रकार. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा काठ हे त्यानं पुन्हा पुन्हा रंगवलं. पाण्यावरचा उजेड त्यानं जितका बघितला तितका या शहरात कुणी बघितला नसेल. महाराजांच्या मागे आबालालनं आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. आम्ही घरी येऊन अम्माला सांगितलं, चित्र म्हणजे ते. आपल्या भिंतीवर आहे तो बाजारातला माल. ती कांदा चिरत होती. तिनं विचारलं, "मग आपल्या ओळखीत कुणाच्या घरी आहे का त्याचं एखादं?" कुणाच्याच घरी नव्हतं.

तो प्रश्न मनात राहिला. मग वाचता वाचता काही गोष्टी सापडत गेल्या. दमास्कसची उमय्यद मशीद आठव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून झाली. तिच्या भिंतींवर काचेच्या आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांनी केलेली चित्रं आहेत. वाहती नदी, मोठमोठी झाडं, महाल, पूल. आणि इतक्या मोठ्या देखाव्यात माणूस एकही नाही. पेशइमामांनी अब्बांना जे सांगितलं, तेच तिथं भिंतभर केलेलं होतं. आमच्या अठरा टाईल्स त्या भिंतीशेजारी ठेवायच्या नाहीत हे आम्हाला कळतं. पण बिनमाणसांचं पाणी आणि झाडं भिंतीवर लावून समाधान मानणारे आम्ही पहिले नव्हतो, एवढं तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट महमूद गावानची. इराणातल्या गीलानचा हा व्यापारी १४५३ च्या सुमारास जहाजातून उतरला तो दाभोळच्या बंदरात. पुढं तो बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७० च्या आसपास खेळणा किल्ल्यासाठी, म्हणजे आजच्या विशाळगडासाठी, त्याची मोहीम चालू होती, तेव्हा पावसाळ्यात त्याची छावणी कोल्हापुरास होती. १४७२ साली त्यानं बीदरला मदरसा बांधला आणि त्याच्या दर्शनी भिंती निळ्या, पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या टाईल्सनी मढवल्या. वर कुराणातल्या आयती, त्याही टाईल्समध्येच. १४८१ साली खोट्या पत्राच्या आळावर सुलतानानं त्याला मारवलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग उडाला. आम्ही बीदरला जाऊन बघितलंय. एक मिनार उभा आहे आणि भिंतीवर जागोजागी टाईल्सचे तुकडे टिकून आहेत. रंग आजही ओल्यासारखा दिसतो. अम्माला हे सगळं सांगितल्यावर तिनं त्यातलं एकच घेतलं. "दाभोळला उतरून कोल्हापुरात पावसाळा काढला? मग माझ्यासारखाच की तो."

अब्बा २०११ मध्ये गेले. २००५ च्या पुरात पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन परतलं होतं, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही निर्धास्त होतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची खूण ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुराणशरीफ आणि अम्माची औषधं तेवढी घेऊन आम्ही रात्री बाहेर पडलो. परत आलो तेव्हा सोप्यात गुडघाभर गाळ होता. भिंतीवरची पाण्याची रेघ सूर्याच्या वरून गेली होती. गाद्या, धान्य, आमची पुस्तकं, सगळं गेलं. फोटोंच्या अल्बमचा लगदा झाला होता. त्यात अम्मा-अब्बांचा लग्नानंतरचा एकुलता एक फोटो होता. अम्मानं बादलीभर पाणी आणि फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागली. पहिल्यांदा माड दिसले, मग वाळू, मग सूर्य. रंगाला काही झालं नव्हतं. ज्यांत माणसं होती ती चित्रं गेली, आणि ज्यातून माणूस काढला होता ते राहिलं. अम्मा म्हणाली, "दर्या मागितला होता मी. नदी कुणी बोलावली?"

त्या दिवशी आम्ही हसलो, पण मित्राबरोबर हसलो होतो तसं नाही.

२०२० मध्ये अम्मा गेली. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा महापूर. या वेळी मातीच्या भिंतीनं दम सोडला. सोप्याची पश्चिमेची भिंत पोट काढून पुढं आली. बघायला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं, पाडा. उद्या अंगावर येईल. ठरवायचं आम्हा भावंडांनाच होतं, आणि आम्ही ठरवलं.

टाईल्स तेवढ्या सोडवून घ्याव्यात म्हणून आम्ही फरशीवाल्या चाचांच्या मुलाला बोलावलं. आता तो हे काम करतो. तो दिवसभर छिन्नी घेऊन बसला. पहिली टाईल मधोमध तडकली. दुसरीचे चार तुकडे झाले. मग त्यानं कडेनं यंत्र फिरवून बघितलं, तरी तेच. सिमेंट टाईलला सोडत नव्हतं आणि टाईल सिमेंटला. संध्याकाळी तो हात झटकून म्हणाला, "आमच्या अब्बांचं काम आहे. निघायचं नाही." कोरी निळी टाईल बसवून नावाड्याची अडचण सोडवणारे हेच हात. दुसऱ्या दिवशी भिंत पडली. तुकडे मातीबरोबर ट्रॉलीत भरले गेले आणि कुठल्याशा प्लॉटच्या भरावात गेले. त्यात मघापर्यंत न मावळलेला सूर्यही होता. त्याच्यावर हसलेलेच आम्ही, आणि त्या ट्रॉलीमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.

नवं घर काँक्रीटचं आहे, जोतं उंच घेतलंय. सोप्याच्या जागी हॉल झाला. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर आम्ही काहीच लावलेलं नाही. आणलं तर काय आणायचं, यावर भावंडांचं एकमत होत नाही. आता हवा तो किनारा छापून मिळतो, दाभोळचासुद्धा. दोनदा दुकानापर्यंत जाऊन आलो, तसेच परतलो.

अठरांतली एकच टाईल शिल्लक आहे, जी भिंतीवर कधी लागलीच नाही. दोन्ही पुरांत ती स्वैपाकघरात गाळाखाली होती; धुतली आणि पुन्हा जागेवर ठेवली. पातेली घासून घासून नावाडी पुसट झालाय. वल्हं जवळजवळ गेलंच, पाठ तेवढी दिसते. मागं दहाचा आकडा अजून आहे. मध्यंतरी धाकट्याचं म्हणणं पडलं, ती फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावू, अम्माची एवढीच तर खूण. थोरला म्हणाला, भिंत किब्ल्याची आहे. दोघं बराच वेळ बोलत राहिले. तोवर चहा झाला. सवयीनं पातेलं त्या टाईलवरच उतरवलं गेलं आणि बोलणं थांबलं.

ती तिथंच आहे.